देवीदासची काळी वायर

सौंसरच्या मोटार स्टँडामागे देवीदासचं टिनाचं दुकान होतं, आणि त्या दुकानात एकाच रंगाची वायर होती. काळी. आलेल्या ट्रकच्या पोटातून तो लाल, पिवळ्या, हिरव्या, कुजलेल्या तारा ओढून काढी आणि त्यांच्या जागी सगळ्या काळ्या तारा बसवी. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी. एक गाठ हॉर्नची, दोन ब्रेकच्या दिव्याच्या, तीन डायनामोच्या, असं पुढे. कोणती गाठ कशाची, हे त्याचं त्याला ठाऊक. त्याच्या हातची गाडी सावनेरला किंवा छिंदवाड्याला बंद पडली की तिथला मिस्त्री डॅशबोर्ड उघडून पाही, परत लावून टाकी आणि म्हणे, "ज्यानं हे पाप केलं त्याच्याकडंच न्या."

म्हणून देवीदास लबाड आहे, असं सगळा रस्ता मानत होता. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून त्याने ही युक्ती काढली, असं लोक म्हणत. म्हातारा नत्थूजी ड्रायव्हर तर तोंडावर म्हणे, "देवीदास, तू गाडीले वायर नाई लावत, दावं लावतं. गाय कुठंबी चरो, संध्याकाळी तुह्याच दारात."

देवीदास हसे. लबाड म्हणवून घेणं त्याला चालत होतं. त्याच्या आड एक गोष्ट लपत होती. त्याला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नव्हता.

या दोषाला काय म्हणतात ते त्याला माहीत नव्हतं. तेराव्या वर्षापर्यंत तर त्याला वाटे, सगळ्यांनाच असं दिसतं. बाकीचे फक्त नीट लक्ष देऊन पाहतात. मग पांढुर्ण्याच्या बाजूच्या एका संत्र्याच्या बगीच्यात, आई शकुबाईबरोबर तो तोडणीला गेला. मृगाचा बहार होता. बगीचेवाल्याने सांगितलं, रंग आलेलं फळ तोडायचं, हिरवं झाडावर ठेवायचं. दुपारपर्यंत देवीदासने दोन टोपल्या भरल्या. दोन्ही हिरव्या. बगीचेवाल्याने टोपली त्याच्या पायाशी उलटी केली, आणि फळं गडगडत बांधापर्यंत गेली. थप्पड कानावर बसली. "डोळे हायेत का खोबण्या?" त्या दिवशी मायलेकरांना दोघांनाही घरी पाठवलं.

वाटेत शकुबाईने रुईचं पान तोडून त्याच्यापुढे धरलं. मग पळसाचं फूल. मग आपल्या लुगड्याचा काठ. त्याने तिन्ही वेळा अंदाजाने सांगितलं आणि तिन्ही वेळा चुकला. ती पान टाकून चालू लागली. जाम नदीच्या पुलावर आल्यावर म्हणाली, "कोनाले सांगजो नको. कामावर नाई ठेवत कोनी अशाले."

तो तीस वर्षं आईचं ऐकत आला.

संत्रं तो अंगठ्याने ओळखायला शिकला. पिकलेल्या फळाची साल जराशी आत जाते, सैल वाटते, कच्चं दगडासारखं. पण बगीच्यात त्याला पुन्हा कोणी घेतलं नाही. सावरगावचा कवडू मिस्त्री पांढुर्ण्याच्या स्टँडवर गाड्यांच्या वायरिंगचं काम करी. त्याच्याकडे तो राहिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीमुळे, नदीच्या दोन काठांवरच्या गावांत होणाऱ्या दगडफेकीमुळे, रस्ते बंद असत आणि एकही गाडी येत नसे. अशाच एका रिकाम्या दिवशी, नदीवरून आरोळ्या ऐकू येत असताना, कवडूने त्याला टेस्ट लॅम्प शिकवला: एक छोटा बल्ब, एक सेल, दोन तारा, तारेच्या या टोकाला आणि त्या टोकाला लावायच्या, बल्ब पेटला की तार तीच. रंग पाहायची गरजच नाही. कवडूला त्याचं गुपित कळलं होतं की नाही, ते देवीदासला शेवटपर्यंत कळलं नाही. पण एक दिवस कवडूने काळ्या वायरचं बंडल त्याच्यापुढे टाकलं आणि म्हणाला, "तू यानंच कर."

त्याच वर्षी त्याने कापसाने भरलेला ट्रक जळताना पाहिला. एका तारेतून तिला झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेला होता, एवढंच. कवडू लांबून बघत म्हणाला, "वायर जळताना आवाज नाई करत. अन् मानूस जवळ जाऊन हुंगत नाई."

मग कवडू वारला. देवीदास सौंसरला आला. लग्न झालं. पहिल्याच उन्हाळ्यात बायकोने, वच्छलाने, खाटेवर वाळत घातलेल्या मिरच्यांमधून हिरव्या वेचून काढायला त्याला सांगितलं. तो खाटेपाशी तासभर बसून राहिला. एकही मिरची उचलली नाही. वच्छला आली, त्याच्याकडे पाहिलं, मिरच्यांकडे पाहिलं, आणि खाली बसून स्वतः वेचू लागली. तिने विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. पण त्यानंतर घरातली प्रत्येक वस्तू तिने जागेवरून ओळखता येईल अशी ठेवली, आणि ती जागा कधी बदलली नाही.

हे सगळं पंच्याऐंशी सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत ठीक चाललं.

दसऱ्याला वस्तीतली माणसं दरवर्षी ट्रकने नागपूरला दीक्षाभूमीवर जात. त्या वर्षी ठरलेला ट्रक ऐनवेळी दुसरीकडे गेला. दुसरी गाडी शोधायचं देवीदासने अंगावर घेतलं. रामाकोन्याच्या भगवंतरावांकडे एक जुना, नाकवाला ट्रक होता. तीस वर्षांमागचा, विलायती, पेट्रोलवर चालणारा. पुढे लांब नाक, आणि टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. वर्षभर तो संत्र्याच्या बगीच्यात छपराखाली उभा होता आणि उंदरांनी त्याचं सगळं वायरिंग खाल्लं होतं. भगवंतराव म्हणाले, "इंजिन ठनठनीत हाय. तू वायरिंग करून दे, दोन दिवस गाडी तुमची. आमचा नत्थूजी चालवंन."

सौदा चांगला होता. पण भगवंतरावांचा भाचा उत्तम नागपुरात दोन वर्षं मोटारीचं काम शिकून आला होता. दसऱ्याच्या दोन दिवस आधी तो दुकानात आला आणि कापडी पट्टीत गुंडाळलेला एक जाडजूड जुडगा त्याने फळीवर टाकला. एखादा झोपलेला साप टाकावा तसा.

"वायरिंगचा तयार सेट हाय, मिस्त्री. सोळा तारा, सोळा रंग. संगं कागद हाय, कोनती कुठं जाते त्याचा. तुमची काळी वायर नाई चालनार. मामानं सांगतलं."

"चालते तं," देवीदास म्हणाला.

"चालते. पन मंग गाडी जन्मभर तुमच्याच दारात बांधून राह्यते."

देवीदास हसला. नेहमीसारखा. हसताना त्याने जुडग्याची टोकं हातात घेऊन पाहिली. पिवळी दिसत होती. निळी, पांढरी, काळी, त्यांच्या पट्ट्यांच्याही तारा दिसत होत्या. दहा तारा कळत होत्या. बाकीच्या सहा सारख्याच, वाळलेल्या शेणाच्या रंगाच्या.

दसऱ्याच्या दोन दिवस आधीच्या त्या संध्याकाळी तो जुडगा घरी घेऊन गेला. वच्छला भाकरी थापत होती. त्याने जुडगा जमिनीवर पसरला, शेजारी कागद ठेवला.

"भगवंतरावचा भाचा काळी वायर नाई म्हन्ते," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग काही नाई."

तिने हात धुतले, फडताळातून पांढऱ्या दोऱ्याची रीळ आणली आणि जुडग्यापाशी बसली. "सांगा. कोनत्याले किती?"

तो कागदावरून रंगाचं नाव वाची. रंगांची सगळी नावं त्याला येत होती. "तपकिरी. तीन." ती तार शोधून दोन्ही टोकांना तीन गाठी मारी. "हिरवी. सात." तिने मारल्या. "लाल. आठ." तिचे हात कुठे जातात हे न पाहता तो कागदाकडे पाहत राहिला. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, आणि याबद्दल दोघांत झालेलं बोलणं हे एवढंच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी नत्थूजीने ट्रक ओढून आणला. सोबत उत्तम. देवीदासने जुनं, कुरतडलेलं वायरिंग उपसून काढलं. त्यात उंदरांची घाण होती, संत्र्याच्या बिया होत्या. हात धुवायला तो रस्त्यापलीकडच्या हापशावर गेला. तीन-चार मिनिटं लागली असतील.

परत आला तेव्हा उत्तम ट्रकच्या पायरीवर बसला होता, हातात ब्लेड. त्याच्या चपलांपाशी धुळीत पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे पडले होते. आणि जुडग्याची टोकं उघडी होती.

"हे काय केलं?"

"साफ केलं, मिस्त्री. काल घरी नेऊन तुमी याच्यातबी तुमचं दावं बांधून आनलं होतं." उत्तम खुशीत होता. "आता सेट जसा होता तसा हाय. कोनताबी मिस्त्री उघडंन अन् त्याले समजंन."

नत्थूजी पोट धरून हसला. "गाय सुटली रे बाप्पा, देवीदास! आता काय करतं?"

देवीदास वाकला. दोऱ्याचा एक तुकडा उचलला. त्यात सात गाठी होत्या. त्याने तो खिशात टाकला.

वच्छलाला बोलावून घेता आलं असतं. ती वस्तीतल्या बायकांबरोबर प्रवासाच्या भाकऱ्या करत होती. पण ती येऊन इथे, या दोघांच्या समोर, पुन्हा गाठी मारायला बसली की उत्तम विचारणार, कशाला? आणि त्या कशालाचं एकच उत्तर होतं. गाडी साडेपाचला निघायची होती. आता दहा वाजले होते.

तो डॅशबोर्डखाली पाठीवर आडवा झाला. उत्तम पुढच्या मडगार्डवर बसून कागद वाचू लागला. डोकं काही केल्या आत घालीना. कपडे पांढरे होते त्याचे. त्याचा आवाज फक्त आत येत होता.

"पिवळी. हॉर्न."

"लावली."

"निळी. डिपर."

"लावली."

"तपकिरी. डायनामो."

डायनामोकडे जाणारी तार सगळ्यांत लांब असायला हवी, आणि जुडग्याच्या उजव्या फाट्यातून निघायला हवी. त्याने बोटांनी फाटा चाचपला, लांबी मापली, टेस्ट लॅम्प लावला. बल्ब पेटला. "लावली."

त्याच्या कपाळावरचा घाम कानात उतरत होता. वर उत्तमचा आवाज एकसारखा चालू होता आणि तो आवाज त्याला बगीच्यातल्या त्या माणसाच्या आवाजासारखा वाटू लागला, जरी दोघांत काही साम्य नव्हतं. हा पोरगा वाईट नव्हता. त्याने काही वाईट केलं नव्हतं. लबाड समजलेल्या माणसाची एक लबाडी त्याने कापून टाकली होती, बस. लोकांना ही लबाडी कोणी मानू दिली? देवीदासनेच.

सहातल्या चार तारा लांबीवरून आणि फाट्यावरून सापडल्या. दुपार टळली तेव्हा दोनच उरल्या.

"हिरवी अन् लाल," उत्तमने वाचलं. "दोन्ही स्विचपासून फ्यूजच्या डब्यापर्यंत. हिरवी हेडलाइटले, लाल मागच्या लायटाले. हिरव्यात आतमधी तांबं डबल हाय. उलटं नका करजा हं, मिस्त्री. म्या पुढं दोन मोठे दिवे जास्तीचे लावले हायेत. लाल तार त्यायचा लोड नाई घेनार."

देवीदासच्या दोन्ही हातांत एकेक तार होती. दोन्हींची लांबी तीच. वरचं आवरण तेवढंच जाड. दोन्हींच्या टोकांना कारखान्यातून दाबून बसवलेले पितळी लग, टोप्यांसारखे, त्यामुळे आतलं तांबं दिसत नव्हतं. दोन्ही एकाच जागेहून निघून एकाच जागी जात होत्या. टेस्ट लॅम्प दोन्हींवर पेटला. पेटणारच. कवडूने शिकवलेलं सगळं इथे संपत होतं.

"एक लग कापून तांबं पाहू का?" त्याने विचारलं. आवाज साधा ठेवला.

"नव्या सेटले कायले कापता?" उत्तम वरून म्हणाला. "रंग दिसून नाई राह्यला का?"

त्याने ते सहज विचारलं होतं. आत अंधार आहे का, एवढंच त्याला म्हणायचं होतं. देवीदास डॅशबोर्डच्या खालच्या पत्र्याकडे पाहत राहिला. पत्र्यावर गंजाचा एक डाग होता. त्या डागाचा रंगही त्याला माहीत नव्हता.

"दिसून राह्यला," तो म्हणाला. आणि उजव्या हातातली तार हेडलाइटच्या स्क्रूखाली घालून आवळली.

चाचणी झाली. हॉर्न वाजला, ब्रेकचे दिवे लागले, पुढचे चारही दिवे भर उन्हातसुद्धा डोळ्यांत घुसले. मिनिटभर चालू ठेवून नत्थूजीने बंद केले. पानठेल्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "देवीदासनं रंगीत काम केलं बाप्पा!" उत्तमने त्याच्या पाठीवर थाप मारली. देवीदासचा हात मात्र डॅशबोर्डखालून निघत नव्हता. मिनिटभरात तार तापत नाही. ते त्याला माहीत होतं. ताप यायला वीस मिनिटं लागतात, अर्धा तास लागतो.

साडेपाचला वस्तीतली माणसं आली. निळे झेंडे, गाठोडी, भाकऱ्यांचे डबे, काखेतली लेकरं. साठएक जण असतील. "जय भीम, देवीदासभाऊ! गाडी मस्त आनली!" फाळक्याला खुर्ची लावून म्हाताऱ्यांना वर चढवलं. वच्छला शेवटी आली. दुकानासमोर ती थांबली. धुळीतले पांढरे तुकडे तिला लगेच दिसले.

"गाठी?"

"कापल्या त्यानं."

"मंग कसं लावलं?"

"चौदा पक्क्या हायेत."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. "अन् दोन?"

त्याने ट्रककडे पाहिलं. वरून पंचफुलाने, शेजारणीने, हात पुढे केला होता. "वच्छला, ये वो लवकर! जागा धरून बसली मी कवाची!"

"सांगून टाका त्यायले," वच्छला हळू म्हणाली.

"सांगतो."

"कवा?"

त्याने तिचं गाठोडं वर दिलं. ती पंचफुलाचा हात धरून वर चढली.

केबिनमध्ये नत्थूजी स्टिअरिंगवर, दाराशी उत्तम, मध्ये देवीदास. उत्तमला नागपूरच्या संत्रा मार्केटमध्ये काम होतं. गाडी हलली तसा देवीदासने डावा हात डॅशबोर्डखाली घातला आणि हेडलाइटची तार चिमटीत धरली.

"अजून दावं धरूनच बसले का, मिस्त्री?" उत्तम म्हणाला.

"नवं काम हाय. धरतो जरा."

सौंसरच्या बाहेर अंधारू लागलं. नत्थूजीने दिवे लावले. रस्ता एकदम पांढरा झाला, झाडांचे बुंधे पुढे येऊ लागले. मागे बायकांनी गाणं सुरू केलं होतं. एक आवाज पुढे, बाकीचे मागून. सीटखाली टाकीत पेट्रोल हलत होतं. प्रत्येक खड्ड्याला ते डुचमळे आणि देवीदासला ते ऐकू येई.

तार थंड होती. मग नव्हती. मग ती माणसाच्या हाताएवढी गरम झाली, आणि त्याने स्वतःला समजावलं की ही आपल्याच हाताची गरमी आहे. त्याने चिमटी सोडली, बोटं मांडीला पुसली, पन्नास आकडे मोजले, पुन्हा धरली. तापाच्या लेकराच्या कपाळाएवढी. प्रत्येक तार लोड घेतली की थोडी तापतेच. कवडू म्हणे, थोडी. किती थोडी, ते कवडूने सांगितलं नव्हतं.

आता थांबवायचं म्हटलं तर उत्तम म्हणणार, मी बघतो, आणि वाकणार, आणि एका नजरेत त्याला दिसणार. त्याला फक्त वाकावं लागेल. कोणालाही फक्त वाकावं लागेल. मागच्या साठ जणांपैकी काखेतल्या लेकरांनाही ती तार हिरवी आहे की लाल ते दिसलं असतं. एक प्रश्न विचारायचा होता, चार शब्दांचा. गाडीतल्या कोणालाही. तीस वर्षांत तो त्याने एकदाही विचारला नव्हता.

बोरगावचे दिवे मागे पडले. वास आला नव्हता. तो हुंगत होता, तोंड उघडं ठेवून हुंगत होता. वास नव्हता. अंगठ्याने त्याने तार दाबली, आणि आवरण आत गेलं. जरासं. सैल. पिकलेल्या संत्र्याच्या सालीसारखं.

"थांबवा," तो म्हणाला.

"काऊन?" नत्थूजीने मान वळवली.

"दिवे बंद करा अन् थांबवा. नत्थूजी! थांबवा म्हन्तो न!"

नत्थूजीने करकचून ब्रेक दाबला. मागे गाणं तुटलं, कोणीतरी ओरडलं, भांडी घरंगळली. अंधार एकदम गाडीवर आला. उत्तमने खिशातली बॅटरी काढून लावली. "काय झालं, मिस्त्री? सगळं बरोबर तं लावलं."

देवीदास खाली उतरला नाही. हात तसाच डॅशबोर्डखाली होता. तार त्याने थोडी बाहेर ओढली, तिच्यावर बॅटरीचा उजेड पडला.

"ही हिरवी हाय का?"

उत्तमला कळलं नाही. "काय?"

"मी धरली ते. हिरवी हाय का लाल?"

"मिस्त्री, डोळ्यासमोर तं धरून बसले—"

"मले नाई दिसत." आवाज फुटला आणि वाजवीपेक्षा मोठा निघाला. "मले लाल अन् हिरवं नाई समजत. लहानपनापासून. तू सांग."

केबिनमागच्या फळीला नाक लावून माणसं उभी होती. इंजिन तेवढं थरथरत होतं.

उत्तम वाकला. बॅटरी जवळ नेली. बराच वेळ त्याने त्या तारेकडे पाहिलं. हिरवी की लाल हे ठरवायला एवढा वेळ लागत नाही. आवरण जिथे मऊ पडलं होतं तिथे देवीदासच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेघांसकट.

"लाल हाय," तो म्हणाला. मग, खालच्या आवाजात, "म्या तुमच्या गाठी कापल्या."

"म्या सांगतलं असतं तं नसत्या कापल्या."

त्यांनी तार बदलली. मऊ पडलेली काढून दुकानातून आणलेली जाड काळी तार हेडलाइटला घातली. मग देवीदास म्हणाला, "आता सगळ्या पाह्य." उत्तम डॅशबोर्डखाली शिरला, पांढऱ्या कपड्यांसकट. देवीदास एकेका तारेवर बोट ठेवी आणि उत्तम रंग सांगे. पिवळी. निळी. तपकिरी. नारंगी. एकेक नाव रस्त्यावर मोठ्याने उच्चारलं जात होतं आणि साठ माणसं ते ऐकत होती. देवीदासला वाटलं, आपले कपडे एकेक करून उतरवले जात आहेत. चौदाही बरोबर निघाल्या. ते बरोबर निघणं त्याच्या काही कामाचं नव्हतं.

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हनजे आपल्या सगळ्या गाड्या यानं आंधळ्यानंच..." आणि कोणीतरी त्याला गप्प केलं.

नत्थूजी बाजूला उभा राहून विडी पीत होता. तो हसला नाही. "एवढे वर्षं मी तुले लबाड म्हनत होतो," तो म्हणाला. "तू लबाडबी नाई निघाला, लेका. काय मानूस हायस तू?"

पुढे जे झालं ते सांगण्यासारखं फार नाही. गोष्ट दसऱ्याच्या गर्दीतच नागपूरपर्यंत पोचली आणि दिवाळीआधी छिंदवाड्याला. त्या हिवाळ्यात नव्या गाड्या दुकानापुढे थांबल्या नाहीत. कोणी मुद्दाम येऊन संत्रं समोर धरी आणि विचारी, "देवीदासभाऊ, पिकलं का?" तो अंगठ्याने दाबून सांगे, आणि बरोबर सांगे, आणि लोक हसत. जुन्या गाड्या मात्र येत राहिल्या, कारण त्यांच्या गाठी दुसऱ्या कोणाला वाचता येत नव्हत्या. फाल्गुनात दुकानाच्या टिनावर त्याने खडूने लिहून टाकलं, कोणती गाठ कशाची. एक हॉर्न, दोन ब्रेक, तीन डायनामो. ज्याला पाहिजे त्याने उतरवून घ्यावं. उत्तमने उतरवून घेतलं.

पण त्या संध्याकाळी गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा देवीदास केबिनमध्ये बसला नाही. तो मागे चढला. माणसं सरकली, गरजेपेक्षा जास्त सरकली. फाळक्यापाशी वच्छलाच्या बाजूला त्याला जागा झाली. गाणं पुन्हा सुरू होत नव्हतं. पुढच्या चार दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडला होता आणि काहीही जळत नव्हतं.

"सांगतलं?" वच्छला म्हणाली.

"सांगतलं."

तिने गाठोड्यातून एक संत्रं काढून त्याच्या हातात दिलं. आंबिया बहाराचं, लहान. त्याचा अंगठा आपोआप सालीवर गेला, मग थांबला. आजूबाजूचे सगळे पाहत होते.

"पिकलं हाय का?" त्याने विचारलं. मोठ्याने.

तिने फळाकडे पाहिलंही नाही.

"खाऊन पाह्यजा," ती म्हणाली.